उभयलिंगी व्यक्तिनामे आणि मराठीचा लिंगविवेक

१

परभणी तालुक्यातील झरी हे गाव ज्या शब्दाने ओळखले जाते, तो शब्द मराठीच्या लिंगव्यवस्थेचा एक छोटासा पाठच आहे. मोठा तो झरा, लहान ती झरी. सुरा-सुरी, दोर-दोरी, गाडा-गाडी या जोड्यांना जो न्याय, तोच येथेही. पुल्लिंगी रूप थोरपणाचे आणि स्त्रीलिंगी रूप धाकटेपणाचे, अशी ही भाषिक वहिवाट आहे. मात्र त्याच गावाचा उल्लेख 'ते गाव' असा नपुंसकलिंगात होतो, आणि प्रवासी 'झरी आली' असे स्त्रीलिंगात म्हणतो. गावाला कोणते लिंग शोभते, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

मनुष्याच्या अपत्याविषयी मात्र हा प्रश्न आग्रहाने विचारला जातो. किरण, माणिक, शशी, मधू, कमल, सुमन यांसारखी नावे मुलाला अधिक शोभतात की मुलीला, याविषयी बारशाच्या घरी मतभेद होतात आणि प्रत्येक पक्ष आपले मत शब्दाच्या स्वभावातूनच निघाल्यासारखे मांडतो. अमुक नाव कोमल, म्हणून मुलीचे. तमुक नाव तेजाचे, म्हणून मुलाचे. ही मते कोणत्या आधारावर उभी आहेत आणि तो आधार टिकतो काय, याची तपासणी येथे अभिप्रेत आहे. विषय वरकरणी घरगुती वाटला, तरी त्यात व्याकरण, नामांचा इतिहास आणि समाजातील मानापमानाची उतरंड अशा तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत.

२

नाव कोणाचे, हे ठरविण्यासाठी साधारणतः तीन कसोट्या पुढे केल्या जातात : मूळ शब्दाचे लिंग, त्याचा अर्थ आणि त्याचा अंत्य ध्वनी.

पहिली कसोटी घ्यावी. हिरा हा शब्द मराठीत निःसंशय पुल्लिंगी आहे. तरीही किराणा घराण्याच्या थोर गायिकेचे नाव हिराबाई बडोदेकर. इंदु म्हणजे चंद्र, संस्कृतात पुल्लिंगी; परंतु मराठी घरातील इंदू ही मुलगीच असते. कुसुम आणि कमल हे शब्द नपुंसकलिंगी. मराठीत ती नावे स्त्रियांची झाली. माणिक हाही नपुंसकलिंगी शब्द. पण त्याची वाट निराळी. हुमणाबादनजीकच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) पुरुष, गायिका माणिक वर्मा (१९२६–१९९६) स्त्री आणि 'ग्रेस' या नावाने लिहिणारे कवी माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) पुन्हा पुरुष. शब्दाच्या लिंगावरून नामधारकाचे लिंग ठरते, हा नियम येथेच ढासळतो.

दुसरी कसोटी अर्थाची. फुलांची नावे मुलींना शोभतात, हे विधान इतके रूढ आहे की त्याची परीक्षा सहसा होत नाही. ती एकाच फुलावर करून पाहावी. कमल, सरोज, पंकज, नीरज, अरविंद, राजीव हे सारे शब्द कमळाचेच वाचक आहेत आणि संस्कृतात सामान्यतः नपुंसकलिंगी आहेत. तथापि मराठीत कमल आणि सरोज मुली होतात. पंकज, नीरज, अरविंद आणि राजीव मुलगे होतात. फूल एक, पाकळ्या त्याच, चिखलही तोच. तरी नावांची वाटणी झालेली आहे. शिवाय ही वाटणी प्रांतागणिक बदलते. मराठीत कमल देसाई ही लेखिका. हिंदी मुलखात कमल नाथ आणि तमिळ मुलखात कमल हासन हे पुरुष. उलट मधू हे नाव इतर प्रांतांत स्त्रियांचेही आढळते, तर मराठी वाचकाला त्यावरून मधु लिमये, मधु दंडवते, मधु मंगेश कर्णिक हे पुरुष आठवतात. अर्थातच लिंग दडलेले असते, तर ते प्रांताची सीमा ओलांडताच पालटले नसते.

तिसरी कसोटी ध्वनीची. ती अधिक शास्त्रीय भासते. कारण आकारान्त नाम स्त्रियांचे, ही समजूत सीता, शांता, विजया अशा नावांनी दृढ झालेली आहे. परंतु हा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या तत्सम शब्दांचा आहे. अस्सल मराठी शब्दांत आकार हे पुल्लिंगाचे चिन्ह होय : मुलगा, घोडा, झरा. म्हणूनच नामा, चोखा आणि तुका ही नावे पुरुषांची आहेत. कृष्णा या नावात हे दोन्ही न्याय एकत्र नांदतात. शेतावर राबणारा कृष्णा हा कृष्णाचे मराठमोळे रूप धारण करतो. द्रौपदीचे नाव कृष्णा आणि नदीचेही नाव कृष्णा, ही तत्सम स्त्रीलिंगी रूपे होत. ध्वनी एकच, परंतु त्यामागील व्याकरणे दोन. ज्या भाषेत दोन व्याकरणे एकत्र वावरतात, तेथे केवळ अंत्य स्वरावरून निवाडा देणे घाईचे ठरते.

३

तिन्ही कसोट्या अपुऱ्या पडत असतील, तर जुन्या मराठी समाजाने स्त्री-पुरुषांची नावे वेगळी कशी राखली? याचे उत्तर नामाच्या गाभ्यात नसून त्याच्या शेपटात आहे.

नामदेवांच्या कुटुंबाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. परंपरेने त्यांचे जन्मग्राम मानलेली नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असली, तरी १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच मोडत होती. नामदेवांचे पुत्र नारा, विठा, गोंदा आणि महादा. स्नुषा लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई. पत्नी राजाई, कन्या लिंबाई. पुरुषांच्या नावांना आकार आणि स्त्रियांच्या नावांना 'आई' हा प्रत्यय, अशी येथे स्वच्छ विभागणी दिसते. मात्र प्रत्यय काढून घेतला की राहणारे अंग कोणाच्याही वाट्याचे आहे. विठा हा नामदेवांचा पुत्र आणि विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) ही तमाशा-रंगभूमीची सम्राज्ञी; दोन्ही नावांचे अंग एकच. येसाजी, येसूबाई आणि येसाई यांचेही तसेच. सखाराम आणि सखूबाई, गंगाराम आणि गंगाबाई, जनार्दन आणि गंगाखेडची जनाबाई यांच्यातही लिंगभेद दाखविण्याचे कार्य उत्तरपदाकडे सोपविलेले आहे.

दैवतसुद्धा या व्यवस्थेबाहेर नाही. विठोबा म्हटले की बाप, विठाई म्हटले की आई. संतांनी एकाच दैवताला दोन्ही नावांनी हाक मारली आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. मराठीची नामव्यवस्था मुळात उभयलिंगी अंगांची होती, असे म्हणण्यास येथे भक्कम आधार मिळतो. बाई, आई, बा, जी, राव, पंत ही पदे त्या अंगाला लिंग आणि त्याचबरोबर मानही देत.

विसाव्या शतकात ही शेपटे गळत गेली. १९१३ च्या 'मोहिनी भस्मासूर' या चित्रपटात काम करणाऱ्या अभिनेत्री कमलाबाई गोखले. १९२८ साली जन्मलेल्या लेखिका कमल देसाई. १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई. १९२६ साली जन्मलेल्या माणिक वर्मा. अशी चार नावे म्हणजे सिद्धान्त नव्हे. तथापि बदलाची दिशा त्यांतून सूचित होते. माणिकराव आणि माणिकबाई यांच्यात घोटाळा होण्याचे कारण नव्हते. नुसते 'माणिक' उरले तेव्हा घोटाळा निर्माण झाला. आधुनिक उभयलिंगी नाव हे नवे फूल नसून, पानगळीनंतर उघडी पडलेली जुनीच फांदी आहे.

४

शेपूट गळाल्यावर लिंगाची माहिती भाषेतून नाहीशी झाली काय? मुळीच नाही. ती क्रियापदाकडे गेली, किंबहुना तेथे ती पूर्वीपासून होतीच. 'किरण आला' आणि 'किरण आली' यांत नाम जे सांगत नाही, ते क्रियापद सांगते. इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनी १९२८ साली ज्या युवतीशी विवाह केला, तिचेही नाव एव्हलिनच होते. मित्रमंडळींना 'तो एव्हलिन' आणि 'ती एव्हलिन' असे सर्वनाम जोडून बोलावे लागे. मराठीत अशा जोडप्याची अडचण क्रियापदानेच बव्हंशी भागविली असती.

'बव्हंशी' असे म्हणण्यास कारण आहे. 'किरण येईल' या भविष्यकाळी रूपात लिंग दिसत नाही. 'किरणने पत्र लिहिले' या कर्मणी प्रयोगात क्रियापद पत्राच्या लिंगाने चालते. 'किरणला बोलावले' या भावे प्रयोगातही कर्माचे लिंग लपलेलेच राहते. पूर्वी नामाच्या सामान्यरूपाने येथे थोडी मदत केली असती. 'रामाला', 'माणिकास' अशी रूपे पुरुषनामांची होती. विठाचे 'विठ्याने' झाले की तो पुरुष, हे सांगावे लागत नसे. हल्ली 'रामला', 'माणिकला' अशी अविकृत रूपे रुळत चालल्याने तोही पडदा पडला. बोलीने मात्र आपली सोय राखली आहे. अंगणातून हाक येते तेव्हा मुलगा 'किरण्या' होतो आणि मुलगी 'किरणे'.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मराठीत अपत्य जन्मतः नपुंसकलिंगी असते. मूल, बाळ, लेकरू, पोर ही सारी 'ते' आहेत. कोंकणीत तर वयाने लहान मुलीचे नाव घेऊनही क्रियापद नपुंसकलिंगात ठेवण्याची रीत आहे. बारसे हा मराठी मनाने 'ते' पासून 'तो' किंवा 'ती' कडे जाण्याचा विधी ठरविला. उभयलिंगी नाव ही संक्रमणाची घडी किंचित लांबविते. नाव ऐकूनही श्रोता क्षणभर थांबतो आणि पुढील क्रियापदाची वाट पाहतो. ज्यांना ही नावे खटकतात, त्यांना वस्तुतः हा क्षणभराचा विलंब खटकत असतो.

५

हा विलंब समाजाला घातक आहे काय, हा प्रश्न एका न्यायासनापुढेही गेला होता, आणि योगायोग असा की तेथील वादविषय 'किरण' हेच नाव होते. जर्मनीतील एका दांपत्याने आपल्या मुलीसाठी ते निवडले. नावावरून लिंग स्पष्ट होत नाही, सबब त्यास लिंगनिदर्शक दुसरे नाव जोडावे, अशी नोंदणी अधिकाऱ्यांची भूमिका होती. तेथील सांविधानिक न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये ती अमान्य केली. नावाने लिंग प्रकट केलेच पाहिजे असा दंडक कायद्यात नाही. आईबापांच्या निवडीला मर्यादा आहे ती बालकाच्या हिताची, असा त्या निर्णयाचा आशय होता.

भारतात असा खटला उद्‌भवण्यास जागा नव्हती. कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार चालणाऱ्या नोंदवहीत लिंग आणि नाव हे वेगवेगळे तपशील आहेत आणि नाव मागाहून भरण्याचीही मुभा आहे. मराठी नावाची पूर्ण रचनाही लिंग सांगत नाही. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव या तिन्हींत लिंगाची खूण नसते, ती 'चि.', 'कु.', 'श्री.', 'सौ.' या उपाधींनी पुरविली जाते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्यांच्या नावापुढे आईचे आणि नंतर वडिलांचे नाव लिहिण्याची पद्धत महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांसाठी आवश्यक केली. बालकाचे नाव किरण आणि आईचे नाव सुमन असल्यास, कोण मुलगा, कोण आई, हे आता नामांच्या स्वभावावरून नव्हे तर त्यांच्या क्रमावरून कळेल. शासनव्यवहाराने नामाकडून लिंगज्ञापनाची अपेक्षा ठेवलेली नाही. समाजाने ती सोडलेली नाही.

६

समाज ती का सोडीत नाही, याचा शोध घेताना एक विषमता ध्यानात येते. मुलीला मुलाचे मानलेले नाव दिले तर कौतुक होते. मुलाला मुलीचे मानलेले नाव दिले तर चेष्टा होते. कमल हे नाव मुलाला द्यावयाचे झाल्यास मराठी बाप 'कमलाकर' करतो, कुसुमचे 'कुसुमाकर' करतो, प्रभेचे 'प्रभाकर'. रमेचे 'रमेश', उमेचे 'उमाकांत'. मुलगा फूल होत नाही, फुलांची खाण होतो. तो प्रभा होत नाही, प्रभेचा कर्ता होतो. तो देवी होत नाही, तिचा स्वामी होतो. झरा-झरीच्या जोडीत दिसलेली थोर-धाकटी उतरंड येथे नामरूप घेऊन उभी राहते.

ज्या काळी मुलगे जगत नसत, त्या काळी नवस बोलून मुलाचे नाक टोचीत, नथ घालीत आणि त्याचे नाव नथू ठेवीत. दृष्ट लावणाऱ्या शक्तीला मुलगी नको असते, ही त्यामागील समजूत. मुलगी असल्याचे सोंग हे मुलाचे चिलखत ठरावे, यातच त्या समजुतीतील स्त्रीचे मोल उघड होते. दगडू आणि दगडाबाई या नावांतही असाच उणेपणाचा आश्रय आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील दगडाबाई शेळके यांनी त्या नावाला दगडाचा टणकपणा मिळवून दिला, ही गोष्ट वेगळी. या उतरंडीचे शेवटचे टोक म्हणजे 'नकुसा'. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात या नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींच्या जुन्या नावात लिंगाविषयी संदिग्धता तिळमात्र नव्हती. नावाने लिंग स्पष्ट सांगावे, असा आग्रह धरणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे; सुस्पष्टता हा नामाचा सर्वोच्च गुण असता, तर नकुसा हे निर्दोष नाव ठरले असते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. एकदा मुलींकडे झुकलेले उभयलिंगी नाव मुलांकडे परत येत नाही, इंग्रजीत एव्हलिन, बेव्हर्ली यांचे असेच झाले. तेव्हा मुलाला असे नाव देणे म्हणजे त्याला उद्याच्या उपहासाला सामोरे करणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. नाव आईबापांचे नसते, वाहणाऱ्याचे असते. परंतु आक्षेप जे वर्णन करतो तो शब्दाचा दोष नसून उपहास करणाऱ्याचा आहे. आणि मराठी परंपरेत त्याचे उत्तरही आहे. ज्ञानेश्वरांना सारा वारकरी समाज 'माउली' म्हणतो. पुरुषाला दिलेली ही स्त्रीलिंगी पदवी त्याच्या थोरवीची परिसीमा मानली जाते. वारीत अनोळखी स्त्री आणि अनोळखी पुरुष दोघांनाही 'माउली' हीच हाक असते. वाङ्मयातही असे घडलेले आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'आरती प्रभु' हे नाव घेतले, माणिक गोडघाटे 'ग्रेस' झाले, आणि मराठी वाचकाने त्यांची कविता उणी लेखली नाही. वि. वा. शिरवाडकरांनी तर कुसुम या धाकट्या बहिणीचा थोरला भाऊ, एवढीच ओळख पुरेशी मानून 'कुसुमाग्रज' हे नाव धारण केले. येथे बंधू बहिणीचा स्वामी होत नाही. तिच्या नावाच्या आधाराने उभा राहतो. 'कमलाकर' आणि 'कुसुमाग्रज' यांच्या समासांतील हा फरक केवळ व्याकरणाचा नाही.

७

तेव्हा किरण, माणिक, शशी ही नावे मुलाला अधिक शोभतात की मुलीला? शब्दाचे लिंग, अर्थ आणि ध्वनी यांपैकी कशानेही या प्रश्नाचा निर्णय लागत नाही. निर्णय लागतो तो वहिवाटीने, आणि वहिवाट बदलते. मराठीपुरते सांगावयाचे तर कमल, कुसुम आणि इंदू यांचा कल आज मुलींकडे आहे, मधूचा मुलांकडे; किरण, माणिक व शशी खऱ्या अर्थाने मधोमध आहेत. हे वर्णन झाले, विधान नव्हे. निवड करणाऱ्याला कसोटी हवीच असेल तर ती अशी घ्यावी : अपत्य दुसऱ्या लिंगाचे असते तरी तेच नाव तितक्याच अभिमानाने ठेवले असते काय? उत्तर होकारार्थी असेल, तर ते नाव दोघांनाही शोभते. नकारार्थी असेल, तर दोष नावात शोधू नये.

अभ्यासकांपुढे मात्र काम उरलेच आहे. झरीसारख्या गावातील शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे नामविचाराचे अस्सल साधन होय. त्यातील नावे, जन्मवर्षे आणि लिंग यांची दशकवार मांडणी केल्यास बाई आणि राव ही पदे केव्हा गळाली, कोणत्या जातीपातींत आधी गळाली, आणि मोकळे झालेले नाव कोणत्या बाजूस कलले, हे सांगता येईल. अशा पाच-पंचवीस गावांचे संकलन झाले तर वरील विवेचनातील कित्येक अनुमाने पक्की होतील, काही मोडीतही निघतील. बारशाच्या घरी चालणाऱ्या वादाला तोवर एवढेच सांगता येते की मराठी भाषेने लिंग सांगण्याचे ओझे नामावर एकट्यावर कधीच टाकले नव्हते. ते वाहून नेण्यास तिच्यापाशी क्रियापद आहे.